काळ्या डागाची दीडशे वर्षं

मोतीबिंदू थांबतो. सोयाबीन निघेपर्यंत, कापूस विकला जाईपर्यंत, मुलीचं लग्न उरकेपर्यंत, जवळपास एखादं शिबिर लागेपर्यंत तो थांबतो आणि उशिरा काढला तरी बहुतेक वेळा गेलेली नजर परत देतो. वऱ्हाडातलीच काय, अख्ख्या देशातली सरकारी नेत्रसेवा या एका सोशिक आजाराच्या चालीवर बेतली गेली. त्यामुळे जो आजार थांबत नाही, त्याला या व्यवस्थेत जागाच सापडत नाही. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाहता पाहता मधली नजर खातात, तो आजार असा आहे. त्यावर औषध नाही म्हणून अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यातल्या माणसाची नजर जाते, असं आज म्हणता येणार नाही. औषध आहे, ते मुंबई-दिल्लीपुरतं राहिलेलं नाही आणि त्याचा एक स्वस्त प्रकारही आहे. नजर जाते ती आजार ओळखण्यात गेलेल्या आठवड्यांमुळे. या उपचाराचा दीडशे वर्षांचा इतिहास नीट पाहिला, तर हे म्हणणं अंदाजाचं उरत नाही.

1851 साली हेल्महोल्ट्झने जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावण्याचं उपकरण लोकांपुढे आणलं. तोवर डोळ्याची बाहुली म्हणजे डॉक्टरच्या दृष्टीने काळोखी खिडकीच होती. पुढच्या दहाएक वर्षांत युरोपातल्या डॉक्टरांनी पडद्यावरचे नाना विकार पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले आणि 1862 मध्ये फ्योर्स्टरने जास्त नंबरच्या डोळ्यांतल्या पडद्याच्या मध्यभागी झालेला बिघाड नोंदवला. 1901 मध्ये व्हिएन्नाच्या एर्न्स्ट फुक्सने त्याच जागेवरच्या काळ्या डागाचं सविस्तर वर्णन केलं आणि डागाला त्याचं नाव चिकटलं. फुक्सने पाहिला तो खरं तर रोग नव्हता, रोग होऊन गेल्यावरचा वण होता. रक्तवाहिन्या उगवल्या, पाझरल्या, सुकल्या आणि मागे काळं रंगद्रव्य साचलं, हा सगळा प्रकार त्याच्यापुढे रोगी येण्याआधीच उरकलेला असे. वैद्यकाची या आजाराशी ओळखच मुळात उशिराने झाली, आणि तो उशीर पुढे शंभर वर्षं सुटला नाही.

आत घडतं काय, ते समजायला फार अवघड नाही. नागपूरजवळच्या खेड्यांमधल्या प्रौढांच्या डोळ्यांची मापं घेतली गेली तेव्हा बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंतची लांबी सरासरी 22.6 मिलिमीटर भरली. मायनस 6 किंवा त्याहून मोठा नंबर असलेल्या डोळ्यात ही लांबी बहुधा 26 मिलिमीटरच्या पुढे गेलेली असते. डोळा असा मागच्या बाजूला ताणला गेला की पडद्याखालचा पातळ थर ताण सोसत नाही आणि चैत्र-वैशाखात काळ्या रानाला पडतात तशा त्याला भेगा पडतात. त्या भेगांतून खालच्या रक्तवाहिन्यांचे नवे, कच्चे फुटवे वर घुसतात. ते पाझरतात, त्यांतून रक्त झिरपतं आणि नेमक्या ज्या जागेने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो, तिथेच वण धरतो. विजेचा खांब वाकडा दिसू लागतो, वहीच्या ओळी मध्येच खचल्यासारख्या वाटतात, नजरेच्या मधोमध धुरकट ठिपका येतो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी गळत नाही. दुसरा डोळा बरा असला तर कित्येक दिवस काही झाल्याचं कळतही नाही. आजार म्हातारपणाचाही नाही. फ्रान्समधल्या, 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पन्नाशीच्या आतल्या ज्या रुग्णांना पडद्याखाली अशा रक्तवाहिन्या उगवल्या होत्या, त्यांतल्या 62 टक्क्यांमागे मोठा मायनस नंबर हेच कारण होतं. म्हणजे घर चालवण्याच्या वयात हा घाव बसतो.

1961 साली नोव्होत्नी आणि आल्विस या दोघांनी शिरेतून फ्लुरोसीन रंग सोडून पडद्याचे फोटो घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या पहिल्यांदा पाझरत असतानाच टिपता आल्या. साहजिकच त्या जाळून टाकाव्यात असं डॉक्टरांच्या मनात आलं. साठच्या दशकाच्या अखेरीस आर्गॉन लेझर हाताशी आला आणि पुढची कित्येक वर्षं जाळण्यातच गेली. मायनस नंबरच्या डोळ्यात मात्र हा उपाय रोगाइतकाच महाग पडला. लेझर रक्तवाहिनीबरोबर वरचा पडदाही जाळतो आणि आधीच ताणलेल्या डोळ्यात तो जळका डाग वर्षागणिक पसरत जाऊन मध्यबिंदू गिळतो. मग प्रकाशाने जागं होणारं औषध आलं. व्हर्टेपोर्फिन शिरेतून द्यायचं, त्यावर कमी ताकदीचा लेझर टाकायचा आणि रक्तवाहिनी आतून बुजवायची. 2001 मध्ये या उपचाराचे मायनस नंबरच्या रुग्णांवरचे निकाल आले. वर्षअखेर 72 टक्के रुग्णांची नजर फारशी घसरली नव्हती आणि ज्यांना खोटं औषध दिलं होतं त्यांच्यात हेच प्रमाण 44 टक्के होतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतकाही उरला नाही. शिवाय त्या औषधाची एक बाटली साध्या शेतकरी घराच्या आवाक्याबाहेरची होती. गेलेली नजर परत आणण्याचं बोलणं तर त्या काळात कोणी करतही नव्हतं. आहे ती टिकली तरी पुष्कळ, अशीच डॉक्टरांची अपेक्षा होती.

उपचार न केल्यास काय होतं, याचा हिशेब 2003 साली जपानी डॉक्टरांनी मांडला. डोळे थोडे होते, पण त्यांच्यावर दहा वर्षं लक्ष ठेवलं होतं. पाच वर्षांनी 88.9 टक्के डोळ्यांची नजर सामान्य नजरेच्या दशांशावर किंवा त्याखाली गेली होती, आणि दहा वर्षांनी 96.3 टक्के डोळ्यांची. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात एका डोळ्याला हा आजार झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांचा दुसरा डोळाही पुढच्या काही वर्षांत त्याच वाटेने गेला. पुढच्या कोणत्याही औषधाचं मोल ठरवायचं झालं तर ते या आकड्यांशी ताडून ठरवायला हवं.

कलाटणी मिळाली ती डोळ्याच्या डॉक्टरांकडून नाही, कर्करोगाच्या संशोधनातून. रक्तवाहिन्या वाढवणारा एखादा घटक पडद्यात तयार होत असावा, हा तर्क मायकेलसनने 1948 मध्येच केला होता. गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याच तोडल्या तर गाठ उपाशी मरेल, ही कल्पना जूडा फोकमनने 1971 मध्ये मांडली आणि बरीच वर्षं थट्टा सोसली. 1989 मध्ये नापोलिओने फेरारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्या वाढवणारं ते प्रथिन वेगळं काढलं. त्याला अडवणारं बेव्हासिझुमॅब हे औषध 2004 साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. डोळ्यासाठी त्याच कंपनीने रॅनिबिझुमॅब हे वेगळं, महागडं औषध तयार करायला घेतलं होतं. ते बाजारात येण्याच्या आधीच, 2005 मध्ये, मायामीच्या फिलिप रोझेनफेल्डने कर्करोगाच्या त्या बाटलीतला अगदी थेंबभर भाग डोळ्यात टोचून पाहिला. सूज उतरली, नजर सुधारली. एका बाटलीतून कित्येक डोळ्यांची सोय होत असल्यामुळे खर्च एका फटक्यात कोसळला आणि काही महिन्यांत जगभरचे डॉक्टर तेच करू लागले. वैद्यकाच्या इतिहासात गरिबांच्या वाट्याला आलेला असा योगायोग विरळाच. इथे कोणी गरिबांसाठी औषध शोधलं नव्हतं. महागड्या औषधाच्या सावलीत ते आपसूक उगवलं. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोळ्यातल्या वापरासाठी बेव्हासिझुमॅब आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. त्याच वर्षी युरोपने मायनस नंबरच्या या आजारासाठी रॅनिबिझुमॅबला मंजुरी दिली. अमेरिकेला त्यासाठी 2017 उजाडलं. भारतात त्याआधीच, 2015 मध्ये, अहमदाबादच्या इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबची जगातली पहिली समरूप आवृत्ती रझुमॅब या नावाने बाजारात आणली होती.

माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार याच जातीच्या औषधांच्या दोन चाचण्यांत आहे, आणि त्या चाचण्या उशिराचा प्रश्न सोडवण्यासाठी घेतलेल्याच नव्हत्या. रेडियन्स नावाच्या चाचणीत 277 रुग्ण होते. एकांना पहिल्या दिवसापासून रॅनिबिझुमॅब दिलं, दुसऱ्यांना जुना व्हर्टेपोर्फिनचा उपचार दिला आणि तीन महिन्यांनंतर त्यांनाही नवं औषध घेण्याची मुभा ठेवली. वर्ष संपलं तेव्हा पहिल्या दिवसापासून इंजेक्शन मिळालेल्या रुग्णांना नजर तपासण्याच्या तक्त्यावरची सरासरी चौदा अक्षरं जास्त वाचता येत होती आणि ते मागाहून मिळालेल्यांना नऊ. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिरर या आशियातल्या चाचणीत अफ्लिबर्सेप्ट हे तिसरं औषध वापरलं होतं आणि तुलनेच्या गटाला ते सहा महिने उशिरा मिळालं. वर्षअखेरीचा हिशेब असा: वेळेत औषध मिळालेल्यांची कमाई साडेतेरा अक्षरं, सहा महिने थांबलेल्यांची चारसुद्धा नाही. औषध तेच, आजार तोच, डॉक्टरही तेच. मधल्या सहा महिन्यांत वण धरलेला पडदा कोणत्याही औषधाने परत येत नाही, एवढाच याचा अर्थ. आणि वेळेत आलेल्याला किती इंजेक्शनं लागतात? म्हातारपणी होणाऱ्या पडद्याच्या आजारात महिन्यामागून महिने सुया घ्याव्या लागतात. इथे रेडियन्स चाचणीत बऱ्याच रुग्णांचं वर्षभराचं काम दोन ते चार इंजेक्शनांत भागलं. इतक्या कमी औषधात इतकी नजर वाचवणारे आजार नेत्रवैद्यकात मोजकेच असतील.

आता तिवशाकडे वळू. 1976 मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प ज्या सात राज्यांत राबवला गेला, त्यांत महाराष्ट्र होता. त्या प्रकल्पाने लाखो माणसांना दिसू लागलं; त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण मोजायचं काय, हे त्या काळात जे ठरलं तेच पुढे चालत राहिलं. शस्त्रक्रियांचा आकडा हे यशाचं माप झालं, आणि अंधत्व मोजताना बऱ्या डोळ्याची नजर धरायची हा नियम राहिला. एखाद्या चाळिशीतल्या बाईचा उजवा डोळा या आजाराने गेला आणि डावा शाबूत असला, तर सरकारी हिशेबात काहीच घडलेलं नसतं. दोन्ही डोळे जाईपर्यंत ती आकड्यांत येत नाही, आणि तोवर उपचाराची वेळ टळून गेलेली असते. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालय, तिथून अमरावतीचं इर्विन रुग्णालय, तिथून नागपूर किंवा सेवाग्राम ही चढती पायरी मोतीबिंदूला चालते. नंबर मोठा असला की मोतीबिंदूही इतरांपेक्षा लवकर धरतो, हा या गोष्टीतला खरा घात आहे. अंधुक दिसण्याचं सोपं कारण समोर असलं की त्याच्या मागचं दुसरं शोधायला कोणी जात नाही. ‘नंबर वाढलाय’ किंवा ‘मोतीबिंदू आहे, पिकला की काढू’ ही दोन्ही उत्तरं खोटी नसतात, अपुरी असतात. त्यातून या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या आकाराने लहान, कमी रक्त सांडणाऱ्या आणि फिकट पडलेल्या पडद्यावर सहज न दिसणाऱ्या. बाहुली मोठी करून पाहिल्याशिवाय आणि ओसीटीच्या मशीनवर पडद्याच्या छेदाचं चित्र काढल्याशिवाय त्या निसटतात.

आजार इतका दुर्मीळ असताना त्याच्यासाठी व्यवस्था कशाला वाकवायची, असा आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. विदर्भातलाच पुरावा त्याच्या बाजूने उभा राहतो. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने 2006 ते 2008 या काळात नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या खेड्यांत तिशीपुढच्या 4711 माणसांचे डोळे तपासले. ग्रामीण भारतातल्या डोळ्यांचा इतका बारकाईचा अभ्यास थोड्याच ठिकाणी झाला असेल. त्यात मायनस नंबर 17 टक्के लोकांना निघाला, पण मायनस 8 च्या पलीकडचा नंबर हजारी चारच माणसांना. लाखभर वस्तीचा तालुका धरला आणि त्यात तिशीपुढचे चाळीस-पन्नास हजार धरले, तर एवढा मोठा नंबर असलेली माणसं दीड-दोनशे भरतात. अशा दहा डोळ्यांत एकाला दहा-अकरा वर्षांत हा आजार गाठतो, असं जपानी अनुभव सांगतो. म्हणजे तालुक्यात वर्षाला एक-दोन, फार तर चार रुग्ण. या चार माणसांसाठी वेगळी योजना काढा, असं मीही म्हणणार नाही. मात्र हाच आकडा उलटा वाचला पाहिजे. ज्यांना धोका आहे हे आधीच ठाऊक आहे, अशी दीड-दोनशे माणसं तालुक्यात आहेत. त्यांचे नंबर चष्म्याच्या दुकानात आणि नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याच्या रजिस्टरात लिहिलेले असतात. मोतीबिंदूचे रुग्ण गावोगाव हिंडून शोधावे लागतात. इथे यादी तयार आहे. शिवाय मधुमेहाने खराब होणाऱ्या पडद्याला तेच ओसीटीचं मशीन आणि त्याच जातीची इंजेक्शनं लागतात, आणि वऱ्हाडात मधुमेही काही कमी नाहीत. त्यांच्यासाठी जे करावंच लागणार आहे, त्यात हे चार रुग्ण बसतात. नागपूरच्या अभ्यासातली माणसं 1978 मध्ये किंवा त्याआधी जन्मलेली होती, हेही विसरून चालणार नाही. शाळा, शिकवण्या आणि मोबाइल यांच्यात वाढणाऱ्या पिढीचे डोळे त्यांच्यासारखे राहतील, असं जगातला कुठलाच अनुभव सांगत नाही. 2050 पर्यंत निम्मं जग मायनस नंबरचं होईल आणि दहातल्या जवळपास एकाचा नंबर मोठा असेल, हा 2016 मधला अंदाज आहे. तो निम्मा खरा ठरला तरी ही यादी लांबणार.

दुसरा आक्षेप औषधाच्या सुरक्षिततेचा. कर्करोगाच्या बाटलीतून काढलेलं औषध डोळ्यात टोचणं हे कंपनीने मान्य केलेलं काम नाही, आणि बाटली वाटून घेताना स्वच्छता चुकली तर डोळा पिकतो. 2016 च्या जानेवारीत गुजरातमध्ये काही रुग्णांच्या डोळ्यांत असा संसर्ग झाला तेव्हा केंद्रीय औषध नियंत्रकांनी बेव्हासिझुमॅबच्या डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा काढला होता. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी बाजू मांडल्यावर तो त्याच वर्षी मागे घेतला गेला. दोष औषधाचा नव्हता, हाताळणीचा होता. 2011 मध्ये अमेरिकेत 1208 रुग्णांवर बेव्हासिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब यांची समोरासमोर तुलना झाली आणि नजरेच्या लाभात फरक आढळला नाही. ते रुग्ण म्हातारपणीच्या आजाराचे होते हे खरं. मायनस नंबरच्या आजारात इतकी मोठी तुलना झालेली नाही, पण रोगाचं चालक प्रथिन तेच असल्यावर वेगळा निकाल येण्याचं कारण दिसत नाही. म्हणून हे इंजेक्शन तालुक्याला द्यावं असा माझा आग्रह नाही. ते शस्त्रक्रियागृहातच, पडद्याच्या डॉक्टरकडूनच घ्यावं. तिवशात हवी ती शंका घेण्याची तयारी. सुई नागपूर-अमरावतीला चालेल.

तिसरी शंका अनुभवी डॉक्टरच काढतात: इंजेक्शनाने मिळवलेली नजर पुढे टिकत नाही, पाच-दहा वर्षांत पडदा विरळ होऊन ती पुन्हा घसरते, मग एवढी घाई कशासाठी? घसरते हे खरं आहे. डोळ्याचं लांबणं कोणतंही इंजेक्शन थांबवत नाही. पण पस्तिशीच्या माणसाला शिलाई, शिकवणं, गाडी चालवणं यांसाठी लागणारी नजर आणखी आठ-दहा वर्षं मिळाली, तर तेवढ्यात मुलं हाताशी येतात. जपानी हिशेबातला 96.3 टक्क्यांचा आकडा शेजारी ठेवला की हा लाभ तात्पुरता म्हणून झटकून टाकता येत नाही. राहिला खर्च. उपचारांचा खर्च उचलणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाली त्यांत अमरावती होता. योजनांच्या बाबतीत हा जिल्हा मागे राहिलेला नाही. पण कोणतीही योजना निदानाच्या कागदापासूनच सुरू होते, आणि तो कागद आठ दिवसांत हाती पडतो की आठ महिन्यांनी, हे योजनेत लिहिलेलं नसतं.

त्यासाठी लागणारं साधन 1940 च्या दशकात स्विस डॉक्टर मार्क आम्सलरने करून ठेवलं आहे: चौकोनी रेघांचा एक कागद, मधोमध ठिपका. एक डोळा झाकायचा, चष्मा लावून ठिपक्याकडे पाहायचं, रेघा वाकड्या किंवा पुसट दिसतात का ते बघायचं. कागद नसेल तर गणिताच्या वहीचं पान किंवा घरातली फरशी चालते. ज्यांचा नंबर मायनस 6 च्या पुढे आहे त्यांनी आठवड्यातून एकदा दोन्ही डोळ्यांनी हे वेगवेगळं करून पाहावं. रेघ वाकली किंवा मधोमध ठिपका आला, तर नवा चष्मा करायला जाऊ नये आणि शिबिराची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात पडद्याचा डॉक्टर गाठून ओसीटी करून मागावी. चष्म्याच्या दुकानदारांनी आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी मोठ्या नंबरच्या प्रत्येक माणसाला चष्म्यासोबत ही एक सूचना लेखी द्यावी.